पट्ट्यावरचा मूतखडा

बाटली हातात आली की आधी उलटी करायची आणि तिचं बूड बघायचं, या एका कामात बूडमावशीची बावीस वर्षं गेली होती. बुडाच्या मधोमध टिंब असलं तर बाटली चांगल्या प्लास्टिकची, ती पट्ट्यावरून पुढे जाऊ द्यायची. टिंबाऐवजी आडवी रेघ असली तर ती दुसऱ्या जातीची. दिसायला सख्खी बहीण, पण भट्टीत गेली की जळून काळी पडणार आणि सगळ्या मालाची वाट लावणार. ती उचलून पिंपात टाकायची. पुढे गेलेल्या बाटल्यांचा चुरा व्हायचा, चुऱ्याचा धागा आणि धाग्याचे स्वेटर. मावशीच्या हातून बावीस वर्षांत एकही रेघवाली पुढे गेली नव्हती, आणि हे तिने ओळखीच्या प्रत्येक माणसाला निदान दोनदा सांगितलं होतं.

अशा माणसाची खरं-खोटं निवडायची खोड घरीही सुटत नाही. शेजारणीचं रडणं खोटं, नवऱ्याचा खोकला खरा, आणि सासऱ्यांची पोटदुखी शंभर टक्के खोटी, असे मावशीचे निकाल लागलेले होते. सासऱ्यांना अकरा वर्षं अधूनमधून कळ यायची. ते जमिनीवर गडाबडा लोळायचे. पण कळ नेमकी कपाट सरकवायचं असलं किंवा मावशीची बहीण राहायला येणार असली की उठायची. डॉक्टरांनी पोट दाबून गॅस आहे म्हणून सांगितलं. पोटाचा फोटो काढायला सासरे तयार नव्हते, कारण आपल्या आत काय आहे ते परक्या माणसाने बघू नये असं त्यांचं ठाम मत होतं. मावशी म्हणाली, सोंग आहे. घराने मान डोलावली. त्यानंतर कळ आली की सासरे मुकाट्याने मोरीत जायचे आणि दार लावून घ्यायचे.

एका सकाळी ते मोरीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर खडा होता. अकरा वर्षांनी मूतखडा पडला होता. त्यांनी तो तीनदा धुतला, पाण्याच्या रिकाम्या छोट्या बाटलीत टाकला, झाकण घट्ट लावलं आणि सूनबाईला उठल्याबरोबर दिसावी म्हणून बाटली ओट्यावर, शेगडीच्या अगदी शेजारी ठेवली. मग ते अंथरुणावर पडले आणि शांत झोपले.

मावशी उठली. ओट्यावर बाटली दिसली. आता इथे डोक्याचा काही संबंध नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. बावीस वर्षं मुरलेला हात डोक्याला विचारत नाही. हाताने झाकण काढलं, बाटली दाबून हवा काढली, झाकण परत लावलं आणि बाटली घरच्या बाटल्यांच्या पोत्यात टाकली. टाकण्याआधी बूड मात्र बघितलं. टिंब होतं. मग पोतं खांद्यावर मारून मावशी कामावर गेली.

दहाच्या सुमारास कारखान्याचा पहारेकरी आत आला. फाटकावर एक म्हातारा आहे, त्याच्या पायात घरातल्या सपाता आहेत आणि तुम्ही माझा खडा गिळलात असं तो म्हणतोय, असा निरोप त्याने दिला. मावशीने फाटकावर जाऊन सासऱ्यांचं म्हणणं ऐकलं आणि ती मुकादमाकडे धावली. पोतं कधीच पट्ट्यावर रिकामं झालं होतं.

पट्टा थांबवायला अर्ज लागतो. अर्जावर कारणं छापलेली होती: बिघाड, वीज, आग, इतर. मुकादमाने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे ‘मूतखडा’ असं लिहिलं. मग त्याने विचारलं, खडा कारखान्याचा की खाजगी? खाजगी असल्याचं कळल्यावर खड्याच्या मालकाची सही घेतली. ती सही कारखान्याच्या मालकाच्या रकान्यात पडल्याने अर्ज नव्याने लिहावा लागला. साहेबांनी त्यावर ‘तातडीने विचार व्हावा’ असा शेरा मारला आणि ते स्वतःच विचार करत बसले. पट्टा थांबला तेव्हा बाटलीचा चुरा होऊन तो धुण्याच्या हौदात पडलेला होता.

तपासणीच्या खोलीतली बाई रोज चुऱ्यातली घाण चिमट्याने वेचायची. ती म्हणाली, घाबरू नका, हौदात झाकणांचे तुकडे तरंगतात आणि बाटलीचे बुडतात. खडाही बुडणार, म्हणजे तो चांगल्या मालातच आहे. अख्खी पाळी कामाला लागली. ओला चुरा टेबलांवर पसरून माणसं चमच्याने चाळू लागली. धागा विभागातल्या एकाने न राहवून विचारलं की, खडा सापडला नाही तर तो कोणाच्या स्वेटरमध्ये जाईल. त्याला गप्प बसवण्यात आलं. तासाभरात सात खडे आणि एक दात सापडला. दातावर कोणी हक्क सांगितला नाही.

सातही खडे पांढऱ्या बशीत मांडून बशी सासऱ्यांसमोर ठेवली. ते खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी बशीकडे बघितलं आणि मग सुनेकडे. साहेब म्हणाले, ओळख पटवायची तर ती मावशींनीच, त्यांची नजर आजवर चुकलेली नाही. तपासणीवाली बाई पेन उघडून उभी राहिली.

मावशी वाकली. दोन काचेचे होते, चार रस्त्यावरची खडी. सातवा सिमेंटचा टवका, त्याची एक बाजू थापीने घोटलेली स्वच्छ दिसत होती. यात मूतखडा नव्हता. तसं सांगितलं असतं तर तिची बावीस वर्षं शाबूत राहिली असती, आणि सासरे पुन्हा मोरीत दार लावून घ्यायला मोकळे. तिने त्यांच्या पायांकडे बघितलं. सपाता चिखलाने भरल्या होत्या आणि एका टाचेतून रक्त येत होतं. सोंगासाठी कोणी एवढं चालत नाही. आपण या माणसाला अकरा वर्षं पिंपात टाकलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिने सातवा खडा उचलला. “हा,” ती म्हणाली. “खरा आहे. बाबा, तुम्हाला खरंच दुखत होतं. मी खोटं म्हणत राहिले. चुकलं माझं.”

बाईने ‘परकीय पदार्थ: मूतखडा, एक’ असं लिहून शिक्का मारला. मुकादमाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. खडा कागदाच्या पुडीत बांधून सासऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि पट्टा सुरू झाला.

मावशी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. सासरे सावकाश चालत होते. फाटकाशी थांबून त्यांनी पुडी तिच्या हातात दिली.

“माझा काळा होता, टोकदार,” ते म्हणाले. “हा सिमेंटचा आहे.”

मग तिथे का नाही सांगितलंत, असं मावशीने विचारलं.

“तू खरं म्हणावंस म्हणून तर मी तो ओट्यावर ठेवला होता,” सासरे म्हणाले. “म्हणालीस.”