फाटला नाही, जुळायचा राहिला

भाची जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या नाकपुडीपासून खालपर्यंत उघडा होता. भावानं फोनवर एवढंच सांगितलं, "पोट्टी चांगली हाय ताई, फक्त ओठ फाटला हाय." मी अमरावतीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गर्भाचा चेहरा कसा घडतो हा धडा दरवर्षी शिकवून इतका गुळगुळीत झालाय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण फोन ठेवला तेव्हा त्यातलं काही म्हणजे काही आठवेना. मिळेल ती बस धरून अकोल्याला गेले.

जठारपेठेतल्या घरात मी पोचायच्या आधीच निकाल लागला होता. माझी भावजय घरीच ब्लाउज शिवते, आणि पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी, वेध लागल्यावर, तिनं एका गिऱ्हाइकाचं लग्नाचं कापड कापलं होतं. "मी सांगून राहिली होती," आई म्हणाली, "गिरानात कात्री धरू नको. आमचं कोन ऐकते? तिनं कापड कापलं, तं लेकराचा ओठ कापल्या गेला." आई दुष्ट नाही. हे बोलतानाही ती बाळाला मांडीवर घेऊन बोंडल्यानं थेंब थेंब दूध पाजत होती. दूध नाकाशी येऊ नये म्हणून मान किती वर धरायची, ते घरात सगळ्यांत आधी तिलाच जमलं होतं.

दूध पाजून झालं की भावजय बाळाला घ्यायची आणि टोपड्याची झालर ओढून अर्धं तोंड झाकायची. बघायला आलेल्या बायका झालर उचलायला हात पुढे करायच्या, तर ही बाळाला घेऊन आतल्या खोलीत. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. कात्री तिनं शेजारणीला देऊन टाकली होती, परत आणू नका म्हणून सांगून.

माझं डोकं लवकर तापतं. जेवताना मी आईला हिशेब विचारला. ग्रहण कधी झालं? ओटी भरली त्याच्या नंतर. म्हणजे सातवा महिना सरलेला. ओठ तर दुसऱ्या महिन्यातच जुळून होतो, तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे कित्येक बायांना नीट कळलेलंही नसतं. "तुहं गिरान उशिरा आलं आई," मी म्हटलं, "ओठाचं काम तोवर कधीचंच आटोपलं होतं." भाऊ फस्सकन हसला. आईनं भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी खुशीत अर्धी भाकर जास्त खाल्ली.

दुपारी भावजय माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, दुसऱ्या महिन्यात म्हनता ना? तवा तं मी परतवाड्याले माहेरी होती. आमी सारे जीपनं चिखलदऱ्याले गेलतो. लय हिसके बसले. त्यानं झालं असन का?"

माझी सगळी फुशारकी जिरली. एका गुन्ह्यातून मी तिला सोडवलं खरं, पण आता ती तो अख्खा महिना उलटापालटा करून स्वतःचा दुसरा गुन्हा शोधत होती. मला फार वाईट वाटलं. असं काहून होतं ते पुष्कळदा डॉक्टरलाही सांगता येत नाही, जीपच्या हिसक्यानं तर होतच नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मग मी तिचं बोट धरून तिच्याच ओठावर ठेवलं. नाकाखाली मधोमध पन्हाळ असते, तिच्या दोन कडांवर. "इथं जोड हाय," मी म्हटलं. "मधला तुकडा वरून येते, नाकाकडून. दोन बाजूचे दोन गालाकडून. तिघं इथं भेटतात."

ती बोट फिरवत राहिली. मी पुढं सांगत गेले, वर्गात सांगते त्याहून सावकाश. मासा, अंड्यातलं कोंबडीचं पिल्लू, पोटातलं लेकरू, सुरुवातीला सगळ्यांच्या मानेशी सारख्याच कमानी असतात. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्याकडे त्यांचाच जबडा होतो, गळा होतो. माशाचा जबडा तोलून धरणारं हाड लहान होत होत आपल्या कानात येऊन बसलं, म्हणून आपल्याला ऐकू येतं. नवीन कापड कोणी आणत नाही, जुन्यातूनच बेततात.

"म्हंजे आल्टर करते," ती म्हणाली.

इतकी वर्षं शिकवतेय, उत्क्रांतीसाठी इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. "हो, आल्टर."

"मंग हिची इथं टिप बसली नाई?"

"नाई बसली. कोनी कापलं नाई. साऱ्यांचंच तोंड आधी सुटं असते. तुहं होतं, माहं होतं."

"सासूबाईचं बी?"

"तिचं बी."

तिला हसू आलं. घरातल्या एवढ्या बोलक्या तोंडाचे तीन तुकडे तिच्या डोळ्यांपुढे आले असावेत. मग तिनं टोपड्याची झालर मागे सारली आणि बाळाकडे टक लावून पाहत बसली. "फाटला नाई मंग," ती हळूच म्हणाली, "जुळायचा राहिला."

आईला पटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या ग्रहणाला घरातल्या सुऱ्या माळ्यावर जातील. पण एकदा कोणी शेजारीण "ओठ कायनं फाटला व?" म्हणाली, तर आईनंच तिला झापलं, "फाटला नाई म्हना, जुळायचा हाय." पुढं टोपड्याची झालर उन्हापुरतीच उरली. मी फोन केला की भावजय पोरीचं तोंड कॅमेऱ्यापुढे धरायची.

काही महिन्यांनी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ओठ इतका सफाईनं जोडला की टाके काढल्यावर एक गुलाबी रेघ तेवढी दिसत होती. आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी गेले तेव्हा भावजय पोरीला घेऊन खिडकीशी बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी घाबरले. दुखतंय का पोरीला, विचारलं.

"नाई ताई, चांगला झाला," ती म्हणाली. "पन सकाळी हसली, तं मले ओळखूच आली नाई. पहिले कशी हसे, पार नाकापर्यंत. तसं हसनं कोनाच्याच लेकराचं नव्हतं."

मी तिची समजूत घातली नाही. मलाही ते हसू पुन्हा एकदा पाहायचं होतं.