आमी हनोईला घर बघायला गेल्तो

किस्से म्हंजी घरातल्या कॅरीबॅगा अस्त्यात राव. सैपाकघराच्या दारामागं एक फुगलेली पिशवी लटकलेली असती, तिच्यात बाकीच्या सगळ्या कोंबलेल्या. एक वढायला जावं तर धा भाईर येत्यात, आन् पायजे ती येतच न्हाई! आमच्या हनोईच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कट्ट्यावर कोनी नुसतं "इमान उडालं" म्हनलं की मी सुरू. तर आज सगळी पिशवी एकदाच पालथी करतो. मधी कोनी बोलायचं न्हाई. बोललं तर चहा त्याच्याकडं!

तर आमची वैशूताई योगा शिकवायला व्हिएतनामला गेली. पारनेरची पोरगी हनोईत लोकांना उलटं उभं करती! घरी कधी वाकून केर काढला न्हाई, हे आईचं म्हननं. एक दिवस ती व्हिडिओ कॉलवर म्हनली, "मला तुआन नावाचा पोरगा आवडलाय. त्याच्या आईचं बुटीक गेस्टहाऊस हाय. लई भारी हाय. मी तिथंच गच्चीवर क्लास घेते."

आई म्हनली, "बुटीक? बरंय की, ब्लाऊज घरच्या घरी शिवून हुतील."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मंग म्हनले, "आधी घर बघू."

आता आमचे आप्पा घर बघन्यात तालुक्यात फेमस. आत्याच्या पोरीला बेलापूरचं स्थळ आल्तं. बागाईत, बंगला, दारात ट्रॅक्टर. आप्पांनी तिथलं कुत्रं बघितलं आन् चहा न पिता माघारी फिरले. म्हनले, "ज्याच्या दारातलं कुत्रं वाळलंय, तो सुनंला काय घालीत आसंल?"

त्यांनी ताईला फोनवरच बजावलं, "खोट निघाली तर आमच्याच इमानात बसून माघारी यायचं."

"चालंल," ताई म्हनली. पन आवाज इवलासा.

निघालो मंग. आप्पा, आई, नाना चुलते आन् मी. ताईला मधी बोलायला बंदी, कारन जिची परीक्षा तिनंच पेपर तपासायचा न्हाई. मंग त्यांच्याशी बोलायचं कोनी? तर मोबाईलमधलं भाषांतर चालवायचं काम माझ्याकडं! दहावी दोनदा दिलीय, पन मोबाईल घरात मलाच येतो. आई म्हनली, "माकडाच्या हातात कोलीत दिलं तुमी."

*

टॅक्सी एका बोळात थांबली. बोळ म्हंजी काय, नुसता मोटरसायकलींचा पूर. कोनाच्या गाडीवर फुलांचा डोंगर, कोनाच्या गाडीवर फ्रीज. आन् मधीच ताईचं हुनारं सासर, ते गेस्टहाऊस. रुंदीला आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली तर दार झाकून जाईल, आन् उंचीला सात मजले!

आप्पांनी दोन्ही हात पसरून घर मापलं. म्हनले, "हे घर हाय का आगपेटी उभी केलीय?"

आत गेलो तर थाटच न्यारा. लाकडी जिना चकाचक, पितळी दिवे, पान्यात कमळं, वास तर आसा की नाना चपला काढून हातात घिऊन उभे ऱ्हायले. एका पोरीनं ट्रेमधी थंडगार वले टॉवेल आनले, गुंडाळी केलेले. नानांनी त्यानं तोंड पुसलं. मान पुसली. शर्टात हात घालून काख पुसली. मंग पाय पुसले, नीट घडी घातली आन् ट्रेमधी ठिवला. "थँक्यू."

ताईनं डोळं मिटून घेतलं.

तुआनची आई, म्हंजी लानबाई, समोरच हुती. बारीक चनीची बाई, पन डोळा घारीचा. तिनं नानांच्या पायाकडं बघितलं, टॉवेलाकडं बघितलं, आन् पोरीला कायतरी सांगितलं. पोरगी परत आली ती नानांसाठी अजून चार टॉवेल घिऊन!

*

आमच्या पारनेरला पोरगी द्यायची तर सोनं नंतर, पानी आधी. आप्पांनी तुआनला इचारलं, "हीर कुठंय?" मी मोबाईलवर इचारलं. तुआन उंच, गोरापान, सारखा हसतोय, कळलं कायच न्हाई. त्यानं फ्रीजमधली पान्याची बाटली आनून दिली.

"आसं न्हाई कळायचं," आप्पा म्हनले. "टेस्ट घिऊ."

नाना चौथ्या मजल्यावर, मी सातव्यावर, आप्पा तळाला. आप्पांनी जिन्यातून आरोळी ठोकली, "सोडाऽऽ!" आमी सगळे नळ, शॉवर, टबाची तोटी, जे जे फिरतं ते ते फिरवलं. मधल्या मजल्यावर एक गोरा अंघुळ करीत हुता. त्याचं गरम पानी एकदम थंड झालं आन् तो टॉवेल गुंडाळून, डोक्याला फेस तसाच, जिन्यात आला. बघतो तर खाली पांढऱ्या टोपीतला मानूस वर बघून इचारतोय, "धार हाय का?"

मी वरून वरडलो, "लई हाय!"

गोऱ्याला काय वाटलं कोन जानं. त्यानं बी अंगठा वर केला!

आप्पा खूष व्हायला पायजे हुते. पन म्हनले, "नगरपालिकेचं पानी आसंल. सोताचं न्हाई." झाली, पैली खोट. ताईचं तोंड एवढंसं.

*

आई आन् साफसफाईच्या पोरीचं तर युद्धच लागलं.

आई सकाळी उठली की चादरी ताठ करायची, उशा झटकायची, वल्या फडक्यानं फरशी पुसायची. पोरगी येऊन बघती तर खोली कोरी करकरीत. तिसऱ्या दिवशी लानबाई सोता वर आल्या. मोबाईल बोलला, "आपल्याला पलंग आवडला नाही का? आपण झोपलाच नाहीत?"

आई म्हनली, "सांग बाईला, पाव्हन्याच्या घरी पसारा ठिवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ती पोरगी लवकर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आई त्याहून लवकर उठली. शेवटी मी बघतो तर दोघी पलंगाच्या दोन बाजूला, चादर मधी, दोघी बी वढत्यात, आन् दोघी बी हसत्यात!

ती पोरगी बी काय साधी न्हवती. पलंगावर टॉवेलाचा बगळा करून ठिवायची. मी त्याला नानांची टोपी आन् चष्मा घातला, चोचीत नानांची बिडी दिली. संध्याकाळी खोलीत आलो तर पडद्याच्या दांडीला टॉवेलाचं माकड लटकतंय. डोक्यावर माझी कॅप, कानाला माझा हेडफोन!

आई म्हनली, "बघ, दोन दिवसात वळखलं तुला."

*

घर बघितलं की शेजारी चौकशी करायची, हा कायदाच हाय. न्हावी, किराना आन् चहावाला हे तिघं खरं सांगत्यात. गेस्टहाऊससमोर फुटपाथवर एक म्हातारी बर्फाचा चहा विकायची. बसायला बालवाडीतल्या पोरांचे आस्त्यात तसले प्लॅस्टिकचे स्टूल. आप्पा बसले तर गुडघं कानाला लागले.

"इचार, मानसं कशीत?"

मी मोबाईल पुढं केला. म्हातारी हात नाचवीत, भुवया उडवीत कायच्या काय बोलली. आमचा चहा संपला तरी बोलतीच हाय. मंग मोबाईल बोलला, "चांगली."

आप्पा म्हनले, "एवढ्या बोलन्याचं एवढंच? बरं, फुडं इचार. घर कोनाच्या नावावर हाय? कर्ज हाय का? भावाभावांच्या वाटन्या झाल्या का?"

मी सगळं इचारलं. आन् माझ्या मनानं एक टाकला, "गच्चीवर हेलिकॉप्टर उतरंल का?"

म्हातारीनं आप्पांकडं खालून वर बघितलं. चहाचं पैसंच घेतलं न्हाईत!

दुपारपतूर सगळ्या बोळात झालं, इंडियाचा कोन मोठा शेठ हॉटेल इकत घेतोय. संध्याकाळी टाय घातलेला दलाल फाईल घिऊन लानबाईंच्या दारात. लानबाई वरडत्यात, "कोण विकतंय?" दलाल आप्पांकडं बोट दावतोय. तुआन मधी पडतोय. ताई डोकं धरून जिन्यात बसलेली.

आन् नाना हळूच आप्पांना म्हनत्यात, "दादा, भाव तरी इचारू की!"

*

मंग आप्पांनी इचारलं, "देव कुठंय?"

तुआननं मागच्या खोलीत नेलं. तिथं देव्हाऱ्यासारखं, उदबत्ती लावलेली, आन् तुआनच्या आजोबांचा फोटो. आप्पांच्या चेहऱ्यावर पैल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं झालं. "पितरं पुजत्यात," म्हनले.

नानांचं ध्यान मातर फोटोपुढं हुतं. फळं, बिस्किटाचा पुडा, आन् बियरचा डबा! आजोबांना आवडायची म्हनून रोज ठिवत्यात म्हनं.

नानांनी आसे हात जोडले, आसे जोडले की लग्नात बी जोडले नसतील. "आपल्यात काय, भात ठिवायचा न् कावळ्याची वाट बघायची. दादा, खानदानी लोकं हायती ही. पोरगी द्या डोळं झाकून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा. शप्पत, मी न्हाई. नाना म्हनले, "पितर पावला."

लानबाईंनी रिकामा डबा उचलून नेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोपुढं दोन डबे. एक आजोबांचा. दुसऱ्यावर कागद चिकटवलेला, ताईच्या अक्षरात, "नाना."

*

हनोईत रस्ता वलांडायचा म्हंजी देवाचं नाव घिऊन नदीत उतरायचं. सिग्नल आसला तरी गाड्या थांबत न्हाईत. आप्पा कडंला उभे. एकदा पाय टाकायचे, परत घ्यायचे. तुआननं त्यांचा हात धरला आन् सरळ चालाय लागला. हळूहळू, जसं शेतात पान्यातून चालावं. गाड्या दोन्ही बाजूनं वळून जाय लागल्या.

बरोब्बर मधी आप्पांची चप्पल निसटून मागं ऱ्हायली.

आप्पा थांबले. मी कडंवरनं बघतोय. तुआननं त्यांना तिथंच उभं केलं, एक हात वर करून माघारी गेला, चप्पल आनली, खाली वाकला आन् त्यांच्या पायापुढं ठिवली. आप्पांनी पाय घातला. दोघं परत चालाय लागले. हॉर्नचा नुसता गोंगाट, पन ह्या दोघांना घाईच न्हाई.

पलीकडं ताई उभी हुती, तिथं पोचून आप्पांनी टोपी नीट केली. मंग ताईला म्हनले, "पोरगा बरा हाय."

ताई हसली. तिचं हसू पुरं व्हायच्या आत म्हनले, "पन लांब लई हाय गं. तुला काय झालं तर पारनेरवरनं कोन पळत येनार? एस्टी येती का हितं?"

 बाकीच्या खोटी वढून काढलेल्या हुत्या, ही खोट खरीच हुती.

*

शेवटच्या संध्याकाळी गच्चीवर जेवान. खाली सगळं शहर लुकलुकतंय, आन् वर आमी चटईवर मांडी घालून. लानबाईंनी आमच्यासाठी सगळं बिगरमटनाचं केल्तं. आईनं शेंगदान्याची चटनी भाईर काढली, तर लानबाईंनी आख्खा चमचा तोंडात घातला, डोळ्यात पानी आलं, आन् परत वाटी पुढं केली.

जेवान झालं. आप्पा खाकरले.  तुआननं ताठ मांडी घातली. ताईनं ताटातला भात नुसता इकडून तिकडं केला.

आप्पा म्हनले, "घर बघितलं. मानसं बघितली. लई चांगला पाव्हनचार झाला." मंग जरा थांबले. "कळवतो."

आता तुमाला सांगायला नको, आमच्याकडं "कळवतो" म्हंजी काय! आजपतूर ज्यांना ज्यांना कळवतो म्हनले, त्यांना कधीच कळवलेलं न्हाई. आईनं मान खाली घातली. ताईच्या डोळ्यात पानी भरलं, पन बोलायला बंदी हुती ना.

लानबाई माझ्याकडं बघत्यात. तुआन माझ्याकडं बघतोय. मोबाईल माझ्या हातात.

मी टाईप केलं, "आप्पा म्हणतात, आता तुम्ही आमचं घर बघायला या."

लानबाईंनी वाचलं आन् टाळी वाजवली! आप्पांचा हात दोन्ही हातात धरून हलवाय लागल्या, भडाभडा बोलाय लागल्या.

आप्पा घाबरले. "काय म्हनत्यात?"

मी मोबाईल वाचला, "येते म्हनत्यात. फुडच्याच म्हैन्यात. घर बघायला! पानी बघनार, शेजारी इचारनार, सगळं तुमी केलं तसंच."

आप्पांचं तोंड बघन्यासारखं झालं राव. टोपी काढली, झटकली, उलटीच घातली. खिशातनं फोन काढला आन् तिथंच, गच्चीच्या कठड्याला टेकून, घरी गड्याला लावला. आवाज आसा की फोनची गरजच न्हवती.

"आरं किसन! उठ! न्हानीचं दार बसवून घे उद्याच्या उद्या! गोठ्यापुढचा उकिरडा उचल! न्हाई न्हाई, झाकायचा न्हाई, उचलायचा! ती बाई आत शिरून बघनारी हाय! जिन्याला कठडा लाव. आन् वसरीला रंग दे… कोनता? आता कोनता म्हंजी…"

ताई डोळं पुशीत पुढं झाली. "आप्पा, तुमी तर कळवतो म्हनला ना?"

"गप गं, फोनवर हाय मी!" आप्पा तिच्यावर खेकसले, आन् परत फोनमधी वरडले, "थांब किसन, फोन ठिवू नको. रंग कोनता द्यायचा ते विहीनबाईंनाच इचारून सांगतो!"