कलालीसाठी रद्द झालेला हायवे

आमच्या घरासमोरचा रस्ता कधीकाळी स्टेट हायवे होता असं सांगितलं, तर आता कोणी मानत नाही. परदेशीपुऱ्याच्या मागून निघायचा आणि सांवेर रोडला जाऊन मिळायचा, बस. ट्रकवाल्याची बिडी संपायच्या आत हायवे संपायचा. पण मैलाच्या दगडाचं डोकं हिरवं होतं, त्यावर नंबर होता, आणि त्या नंबरानेच माझ्या भावाची दारू सुटली.

झालं असं, की हायवेला लागून दारूची दुकानं नकोत असा हुकूम निघाला. आमच्या समोरची, रस्त्यापलीकडची कलाली बंद पडली. दादा कारखान्यातून थकूनभागून यायचा, दारूपायी लांब तंगडतोड करायचा त्याला जाम कंटाळा. आधी महिनाभर चिडचिड केली, मग हळूहळू निवला. त्याच्या पिण्याला कंटाळून वहिनी महूला माहेरी निघून गेली होती. आई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. दादा संध्याकाळी घरात बसून मटार सोलायला लागला. आई म्हणायची, "देव नाही पावला, पण सडक पावली गं बाई."

पण कलालीचा ठेकेदार काय गप्प बसणार होता? एका सकाळी दोन माणसं रंगाचा डबा घेऊन आली आणि दगडाचं हिरवं डोकं काळं करायला लागली. मी विचारलं, तर एकजण म्हणाला, "दीदी, अब ये हायवे नहीं रहा. शहर की सड़क हो गई." ट्रक तेवढेच धावत होते, खड्डेही जागच्या जागी होते. फक्त कागदावरचा हायवे गेला आणि कलालीचं शटर वर झालं. मुडदा बसवला त्या कागदावर सही करणाऱ्याचा! वर्षानुवर्षं अर्ज करून आम्हाला एक स्पीड ब्रेकर मिळाला नव्हता.

वहिनीने त्याच दिवशी बॅग भरली. दादा दारात आडवा उभा राहिला. "मी नाही जाणार तिकडे, तुझी शप्पथ." तो खरं बोलत होता, मला अजून वाटतं.

"तुम्ही रोज नाही म्हणाल," वहिनी म्हणाली, "आणि मी रोज खिडकीतून बघत बसेन. नाही होणार आता माझ्याच्याने."

ती रिक्षात बसून गेली. दादा ओट्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने उठला, चपला घातल्या. आईने विचारलं, "कुठे निघालास रे?" त्याने एक ट्रक जाऊ दिला, दोन्हीकडे नीट बघितलं आणि रस्ता ओलांडून गेला.