कपाळापर्यंतचा हात

नत्थूजींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सक्करदऱ्यातल्या घरून सायकल हाणत ते कापडगिरणी गाठायचे आणि पाळी संपेपर्यंत मागावर उभे राहायचे. १९८३ साली यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात ओढला गेला आणि खांदा निकामी झाला. त्यांची लेक पुष्पलता तेव्हा फिजिओथेरपी शिकत होती. तिनं वर्षभर घरीच त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला.

पदवीनंतर तिला पुढचं शिक्षण मुंबईला घ्यायचं होतं. अर्जासोबत स्वतः केलेल्या उपचारांची माहिती लिहायची होती.

"बापाचा हात पूर्ण बरा केला, असं लिही वं," नत्थूजी म्हणाले.

"उचलून दाखवा बरं."

त्यांनी दात आवळून हात उचलला. तो कानाजवळ पोचला, पण त्यासाठी अख्खं अंग डावीकडे कललं होतं.

"बाबा, तुमी अंग झुकवून राहिले." पुष्पलतानं त्यांचा खांदा तळव्यानं दाबून धरला. "आता उचला."

हात कपाळाशी थांबला.

"एवढंच लिहिशील, तं तुले कोण घेईन?"

"मागावर धागा तुटला, तं लपवत होते काय तुमी?"

नत्थूजींनी अर्जाचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं लिहिलं, 'रुग्णाचा हात कपाळापर्यंत जातो. व्यायाम चालू आहे.'

जूनमध्ये निवडीचं पत्र आलं. नत्थूजींनी आयुष्यभराच्या मजुरीतून जे राखून ठेवलं होतं, त्यातून तिची पहिल्या वर्षाची फी भरली.