सर्व्हर बंद करण्याआधी

दिल्लीत मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीतून मी संशोधन संस्थेत नोकरीला जायला लागले, तेव्हा दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठी फक्त फोनवर, आईशी.

माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. सगळ्या इमारतीतले शास्त्रज्ञ आपापल्या खोलीतून त्या एकाच मशीनवर काम करत. त्यामुळे दुरुस्तीसाठी ते बंद करायचं तर नुसतं बटण दाबून भागत नसे. आधी सगळ्यांच्या स्क्रीनवर सूचना पाठवायची, मग नवीन लॉगिन थांबवायचं, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की मगच शटडाउन.

पहिल्याच खेपेला एकजण काही केल्या बाहेर पडेना. मी इंग्रजीत विनंती केली. उत्तर आलं ते रोमन अक्षरांत, पण मराठी, "थांब गं जरा. गणित चालू आहे, अर्ध्यात तोडलंस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

माझ्या आडनावावरून त्यांनी ओळखलं होतं. मी थांबले. गाव कुठलं, जेवणाचं काय करतेस, असं स्क्रीनवरच बोलणं सुरू झालं. मग त्यांनी लिहिलं, "झालं बघ. कर बंद. आणि रविवारी इथल्या द्वारकेला, माझ्या घरी जेवायला ये."

त्या वरच्या मजल्यावरच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ. मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे, म्हणून काकू. त्यांचा दिल्लीत वाढलेला मुलगा 'शिळोप्याच्या गप्पा' म्हणजे काय, असं विचारायचा. काकू म्हणायच्या, "तू आलीस की माझ्या जिभेवरचा गंज जातो." निवृत्त झाल्यावर त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या. माझे रविवार रिकामे झाले.

मागच्या हिवाळ्यात ते मशीन कायमचं बंद करायचं ठरलं. सगळ्यांचं काम आधीच नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. त्या दुपारी आत कुणीच नव्हतं, तरी मी सूचना पाठवली. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी काकूंना फोन लावला.

"आज कायमचं बंद करतेय."

"माझं सगळं काढून ठेवलंस ना?"

"ठेवलंय."

"मग कशाची वाट बघतेयस?"

मी कमांड दिली. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि खोली कधी नव्हे इतकी शांत झाली. पलीकडे काकू नागपूरच्या थंडीबद्दल, बहिणीच्या गुडघ्यांबद्दल सांगत होत्या. मी "हो ना", "अच्छा" म्हणत राहिले. फोन ठेवावासा वाटत नव्हता.