साहेबांना मी ‘कुठं’ विचारलं

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठं चालला?’ असं विचारू नये, त्याचं काम होत नाही, हे आमच्या मांजरी गावात शेंबड्या पोराला पण माहीत. चौथीत शाळेनं मला सोडलं, त्यामुळं एवढं एकच ज्ञान माझं पक्कं. ते मी वापरलं थेट मालकावर.

साहेबांचा मांजरीतच पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना. मी त्यांची गाडी चालवतो, बायको तिथंच पॅकिंगला. आमचं सगळं घर त्या एका गेटातून जेवतं.

त्या वर्षी साहेबांची नुसती फरफट चाललेली. निवडणूक लागली की परवाना अडकायचा, सरकार फिरलं की नियम फिरायचे, रस्ता बंद झाला की भरलेला ट्रक हायवेलाच मुक्काम करायचा. परदेशातलं गिऱ्हाईक कशाला थांबतंय? एकदा हडपसरच्या सिग्नलला साहेब फोनवर म्हणाले, ‘‘इथला भरवसा राहिला नाही. बाहेर कारखाना टाकायचाय. दोन देश बघून येतो. एक शांत, पण महाग. दुसरा आपल्यासारखाच.’’

घरी येऊन मी जाहीर केलं, ‘‘संपलं. कारखाना परदेशात चाललाय.’’

बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही अर्धं ऐकता आणि दीड सांगता.’’

पण मी ठरवलं, हे काम होऊ द्यायचं नाही. लोहगावच्या विमानतळावर बॅग उतरवली आणि तोंड भरून विचारलं, ‘‘कुठं निघालात साहेब?’’

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘मंडईत चाललोय, मामा. कोथिंबीर संपलीये.’’

एकदा विचारून भागतंय का नाही, म्हणून ते दाराशी पोचल्यावर मागून परत ओरडलो, ‘‘साहेब, कुठं?’’ तिथल्या जवानानं मला हाकललं.

आठवड्यानं बातम्यांत दाखवलं. साहेब ज्या दुसऱ्या देशात होते, तिथलं सरकार पडलं, विमानं बंद. मी टीव्हीच बंद केला. मला कारखाना थांबवायचा होता, देश नव्हता पाडायचा!

त्याच संध्याकाळी बायको कामावरून आली ती बोलतच. ‘‘मॅनेजर सांगत होते, बाहेर नुसती जुळणी होणार. भाग सगळे इथूनच जाणार. हे जमलं नाही तर गिऱ्हाईक तुटणार, मग इथं माणसं कमी करणार.’’

मग मला ‘कुठं’ची हकिकत सांगावी लागली. तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, ‘‘आपल्याच ताटात माती कालवायला लोहगावापर्यंत गेलात?’’

विमानं सुरू होईपर्यंत चार दिवस मी भैरवनाथाला रोज नारळ फोडला. दर वेळी देवाला सांगितलं, ‘विचारलं ते परत घेतो.’

साहेब आले, दाढी वाढलेली. मी गाडी काढली. येरवड्यात जेलची पाटी दिसली तेव्हा वाटलं, आपण इथंच उतरावं.

‘‘मामा, आज ‘कुठं’ नाही विचारलंत?’’

‘‘चुकलं साहेब. तवा मुद्दाम विचारलं हुतं.’’ आणि सगळं ओकून टाकलं.

साहेबांनी आधी दाढी खाजवली. मग म्हणाले, ‘‘शांत देशात सगळं छान. पण एक कागद कमी होता तर तीन दिवस कुणी हललं नाही. दुसरीकडं रात्री सरकार पडलं आणि सकाळी कारखान्याची जागा दाखवणारा माणूस वेळेवर हजर. वीज नाही, तर जनरेटर. हमरस्ता बंद, तर मागच्या गल्लीतून टेम्पो. म्हटलं, हे तर आपलंच घर. गोंधळात काम करायचं तेवढं आपल्याला येतं, त्या महाग देशात त्याला कोण विचारतंय? म्हणून त्या गोंधळाच्या देशातच नक्की केलं.’’

‘‘आनि मांजरी?’’

‘‘मांजरीत अजून माणसं लागतील.’’

मी गाडी बाजूला घेतली.

‘‘आता काय झालं?’’

‘‘काय नाय साहेब. ब्रेक कुठला, क्लच कुठला, कळंना झालंय.’’

साहेबांनी मागून पाण्याची बाटली पुढं केली. मी अर्धी प्यालो, अर्धी शर्टावर सांडली.

‘‘पुढच्या महिन्यात सह्या करायला परत जायचंय,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी तुम्हाला सुट्टी. मी रिक्षानं जाईन.’’