पहिली ओळ सोडली जाते

नाच्चिमुत्तु गेली अकरा वर्षं एकच काम करत होता. जे सगळ्यांना दिसतंय ते पुन्हा सांगायचं. कोइंबत्तूरच्या पीळमेडू भागातल्या त्या तीन मजली ऑफिसात कापड रंगवणाऱ्या गिरण्यांसाठी प्रोग्रॅम बनायचा. पोरंपोरी कोड लिहायची, आणि त्या कोडच्या डोक्यावर समजावणीची इंग्रजी ओळ, म्हणजे कमेंट, नाच्चिमुत्तु चढवायचा. खाली ‘तापमान वाढव’ असं असलं की वर हा लिहिणार, ‘इथे तापमान वाढवले जाते.’ खाली ‘पाणी सोड’, तर वर ‘इथे पाणी सोडले जाते.’ दारावर ‘दार’ अशी पाटी लावावी, तसला प्रकार. पण वर्तणूक अशी, की पाटी नसती तर लोक भिंतीतून आत शिरले असते.

शर्टाच्या खिशात दोन पेनं. लिहिणं सगळं कीबोर्डावर, तरी दोन. कँटीनच्या फळ्यावरच्या ‘अरिसी परुप्पु सादम’चं, म्हणजे तिकडच्या डाळभाताचं, इंग्रजी स्पेलिंग तो रोज दुरुस्त करायचा आणि कँटीनवाला रोज ते पुन्हा बिघडवायचा. एवढ्या वर्षांत त्याने एकाही प्रोग्रॅमरला ‘हे असं का केलंत?’ म्हणून विचारलं नव्हतं. विचारलं की आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळतं, असं त्याचं मत. त्यापेक्षा ‘केले जाते’ बरं. त्यात चूक निघत नाही.

चूक निघाली नाही, पण कंपनीचा कारभार मालकाच्या मुलीकडे, पूंगोदैकडे आला. कोइंबत्तूरकडे माणसाला हाकलायचं असलं तरी अहो-जाहो करूनच हाकलतात. सोमवारी तिने त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसवलं, कॉफी दिली आणि विचारलं,

“नाच्चिमुत्तु सार, तुमच्या कमेंटी वाचतं कोण, तेवढं सांगता का?”

सगळेच वाचतात, असं तो म्हणाला. मग तिने सगळ्यांनाच विचारून ठेवलंय असं तिच्याकडून कळलं. कॉफी तिथेच गार झाली. शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. त्याआधी प्रत्येक फाईलच्या डोक्यावरची माहिती साफ व्हायला हवी, आणि फायली तपासणारं जे यंत्र कंप्युटरात होतं, त्याचा अहवाल वरपासून खालपर्यंत हिरवा. एक जरी लाल खूण राहिली तरी ही खुर्ची बंद, आणि नाच्चिमुत्तु सार खाली तक्रारींच्या फोनवर. त्या फोनवर बसणारा माणूस दिवसभर तिरुप्पूरच्या गिरणीवाल्यांच्या शिव्या खातो, त्याही आदरार्थी बहुवचनात.

अहवाल काढला तर तीनशे बारा लाल खुणा. सगळ्या पहिल्याच ओळीवर. आणि सगळ्या एकाच कारणाने.

ते कारण म्हणजे पिल्लैयार सुळी, गणपतीची खूण. आपल्याकडे कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ येतो, तशी इकडे तमिळ ‘उ’ची गाठ येते, तिच्यावाचून कुणी किराण्याची यादीसुद्धा लिहीत नाही. वीस वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम मरुदाचलम नावाच्या माणसाने सुरू केला, आणि त्याने प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत गणपती बसवला. कोडच्या फायलीत बसवला, रंगांच्या कृतींच्या फायलीतही बसवला. मरुदाचलम आता निवृत्त होऊन वडवळ्ळीला घरी असतो. गणपती मात्र सेवेत होते. तपासणीच्या यंत्राला इंग्रजीखेरीज अक्षर चालत नव्हतं.

एका बाजूला विघ्नहर्ता, दुसऱ्या बाजूला खुर्ची. नाच्चिमुत्तुने दोन मिनिटं विचार केला. मग मागच्या जिन्यात जाऊन, कान धरून, देवापुढे काढतात तशा तीन उठाबशा काढल्या, परत येऊन बसला आणि गणपती उठवायला सुरुवात केली.

पलीकडच्या टेबलावर आरवळ्ळी बसायची. चार वर्षांची नोकरी, पण प्रोग्रॅमचं आतडंन् आतडं तिला ठाऊक. ती म्हणाली, “अण्णा, कोडमधल्या खुशाल काढा. पण रंगांच्या कृतींना हात लावायच्या आधी मरुदाचलम सारांना एक फोन करा. त्यांनी काय कुठे बांधून ठेवलंय, सांगता येत नाही.”

“अम्मिणी,” इकडे पोरीबाळींना म्हणतात तसं नाच्चिमुत्तु म्हणाला, “तुम्ही कोड बघा. डॉक्युमेंटेशन माझं खातं आहे.”

फोन त्याने केला नाही. मरुदाचलमने एकदा भर सभेत त्याला ‘आमचा आरसा’ म्हटलं होतं. सगळे हसले होते आणि आपण का हसतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्याकडे विचारायला जायचं म्हणजे काय.

खुणा निघाल्या, तिथे रिकाम्या ओळी राहिल्या. यंत्राने त्या पिवळ्या दाखवल्या. पिवळं म्हणजे काही लाल नव्हे, तिथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण नाच्चिमुत्तुला हिरवं हवं होतं. त्याने रिकाम्या ओळीही काढल्या. बुधवारी दुपारी अहवाल लॉनसारखा हिरवागार झाला. त्याने तो रंगीत छापून घेतला आणि पाठीमागच्या भिंतीवर चिकटवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

गुरुवारी सकाळी तिरुप्पूरच्या एका गिरणीत चाचणी म्हणून नव्या आवृत्तीवर नमुन्याचं आठ किलो कापड रंगवलं. मागितलं होतं शेवाळी. आलं निळसर करडं. गिरणीवाल्याने थेट पूंगोदैला फोन लावला आणि तुमच्या प्रोग्रॅमला पिवळ्या रंगाचं काही वावडं आहे का, असं अतिशय अदबीने विचारलं.

आरवळ्ळीला शोधायला अर्धा तास लागला. कृतीची फाईल जिथे वाचली जाते तिथे मरुदाचलमने प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, की पहिली ओळ सोड आणि मग वाच. पहिल्या ओळीत गणपती, तो काही रंग नव्हे. आता गणपती उठले होते आणि त्यांच्या जागी कृतीतला पहिला रंग, पिवळा, येऊन बसला होता. प्रोग्रॅम आज्ञाधारक. त्याने पहिली ओळ सोडली.

केबिनमध्ये नाच्चिमुत्तु ताठ उभा राहिला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. हे कुणीतरी लिहून ठेवायला नको होतं का, असं त्याने विचारलं. लिहिलं असतं तर त्याने वाचलं असतं. म्हणजे कमेंटी किती महत्त्वाच्या, हेच यातून सिद्ध होत नाही का? बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते इतकं पटलं, की आवाज चढला.

आरवळ्ळीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्या कोडच्या डोक्यावर कमेंट होती. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, खाली नाव नाच्चिमुत्तु. ‘इथे पहिली ओळ सोडली जाते.’

पूंगोदैने ती मोठ्याने वाचली. मग विचारलं, “का सोडली जाते, सार?”

“ते... त्यात लिहिलेलं नाही, मॅडम.”

“कुणी लिहायचं होतं?”

नाच्चिमुत्तुने खिशातलं एक पेन काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

नवी आवृत्ती पुढच्या महिन्यावर गेली. गणपती तीनशे बारा जागी परत बसले, तपासणीच्या यंत्रालाच त्यांची ओळख करून देण्यात आली. खुर्चीचा निकाल पूंगोदैने तिथेच दिला. तक्रारींच्या फोनवर त्याला ठेवलं तर तिथल्याही तक्रारी वाढतील, असं ती म्हणाली. त्याने रोज सकाळी वडवळ्ळीला मरुदाचलम सारांच्या घरी जायचं, एकेक फाईल उघडायची आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे असं का?’ ते विचारून लिहून आणायचं. महिन्याभरात जमलं तर खुर्ची राहील. ‘केले जाते’ हे शब्द दिसले की त्या दिवशी संपलं.

त्यापेक्षा शिव्यांचा फोन परवडला असता, असं त्याला जिना उतरताना वाटलं.

शुक्रवारी मरुदाचलम ओसरीवर पेपर वाचत होता. त्याने पाहुण्याला आत नेलं, पाणी दिलं, घरच्यांची विचारपूस केली, ऊन किती वाढलंय ते सांगितलं. कामाचं अवाक्षर काढलं नाही. पुन्हा पेपर उघडला. पाऊण तास तो एकेक पान उलटत राहिला, छोट्या जाहिरातींसकट. नाच्चिमुत्तु मांडीवर वही घेऊन बसला होता. घशाशी आलेला शब्द दोनदा परत गेला.

तिसऱ्यांदा बाहेर पडला. “सार,” तो म्हणाला, “तुम्ही पहिली ओळ का सोडलीत?”

मरुदाचलमने पेपरची घडी घातली. “बसा नीट,” तो म्हणाला. “हे सांगायला वेळ लागतो.”